‘हर्बल काही घेता का?’ असं विचारू नका, सूप कसलं करता ते विचारा

तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लिनिकमध्ये नवीन लागलात आणि निम्मे रुग्ण चिनी आजी-आजोबा. ते बर्फाचं पाणी परत पाठवतात, रक्त द्यायला कुरकुरतात, गोळ्या मनाने अर्ध्या करतात आणि काही विचारलं की हसून मान डोलावतात. यांना समजवायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथे फार्मसीत बरीच वर्षं काढली आणि काउंटरपलीकडे बहुतेक हीच मंडळी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समजवायचं नंतर बघा. आधी त्यांनी तुम्हाला सांगायला हवं. ते काय मानतात त्याने सहसा बिघडत नाही, जे सांगत नाहीत त्याने बिघडतं.

एक आजी वॉरफरिनवर, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळीवर होत्या. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, छान बसलेला, तो एकदम वर गेला. डॉक्टरांनी विचारलं, नर्सने विचारलं, ‘दुसरं काही औषध? हर्बल?’ उत्तर ‘नाही’. खोटं बोलत नव्हत्या हो! फोनवर दुभाषी घेऊन मी विचारलं, थंडीत सूप कसलं करता? मग यादीच आली: कोंबडी, डाँग क्वायची मुळी, सुकी लाल बोरं, गोजी बेरी. सुनेने चायनाटाउनमधल्या स्टॉकटन स्ट्रीटवरच्या दुकानातून आणलेलं. डाँग क्वाय आणि गोजी दोन्हीही वॉरफरिनचा परिणाम वाढवू शकतात. दानशेन नावाची मुळी तर त्याबाबतीत कुप्रसिद्ध आहे, आणि जिनसेंगने उलट परिणाम कमी झाल्याचंही दिसलंय. पण घरात हे औषध नाहीच, जेवण आहे. आपली आजी तरी डॉक्टरांना सुंठवड्याबद्दल सांगते का? म्हणून प्रश्न सूपचा, चहाचा, आणि ‘दुकानातल्या वैद्यांनी कागदात काय बांधून दिलं’ याचा असावा. पुडी घेऊन या म्हणा, खुशीने आणतात.

उष्ण-थंड आपल्याला पटकन कळतं. तोंड आलं, घसा धरला की ‘उष्णता झाली’ म्हणणारी माणसं ती पण. मग शेवंतीच्या फुलांचा चहा नाहीतर मुगाचं सूप. पण ‘आमच्याकडेही अगदी असंच’ म्हणून पुढचं गृहीत धरू नका. कोकणात सर्दी झाली की खेकड्याचा रस्सा, कारण खेकडा उष्ण. चिनी घरात खेकडा चांगलाच थंड, म्हणून त्याच्यासोबत आलं हवंच. एका आजोबांना मी आपल्या हिशोबाने सल्ला द्यायला गेले असते तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. शिवाय चिनी म्हणजे सगळे एक नव्हेत. चायनाटाउनमधली कँटोनीज आजी, तैवानहून आलेली प्राध्यापक आणि बीजिंगचा तरुण इंजिनियर यांची घरं निरनिराळी. त्या इंजिनियरला यातलं काही विचारलंत तर तो हसेलही.

बाळंतीण मात्र इंजिनियर असली तरी आईपुढे तिचं चालत नाही. आपला सव्वा महिना, त्यांचा एक. वारा नको, गार नको, जुन्या घरांत डोक्यावरून पाणीही नको. कँटोनीज घरांत डुकराचे पाय, भरपूर आलं आणि उकडलेली अंडी गोडसर काळ्या व्हिनेगरमध्ये रटरटत असतात, बाळ बघायला आलेल्यालाही वाटीभर मिळतं. तैवानी घरात तिळाचं तेल, आलं आणि तांदळाच्या दारूतली कोंबडी. हॉस्पिटलात अशा बाईसमोर बर्फाचा ग्लास ठेवायचा, लगेच शॉवर घे म्हणायचं आणि ‘सहकार्य करत नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं, हे मी पाहिलंय. कोमट पाणी आणि ओला टॉवेल दिला की विषय संपतो. तुमचं लक्ष दोनच गोष्टींवर असू द्या: सूपमधली दारू पूर्ण उडते की नाही, आणि महिनाभर पडून राहून पायात गुठळी होत नाही ना. घरातल्या घरात चालायला कोणाची ना नसते.

मुलांच्या पाठीवर लाल पट्टे किंवा गोल डाग दिसले तर दचकू नका. पट्टे म्हणजे ग्वा शा: तेल लावून चिनी मातीच्या चमच्याच्या कडेने ओढतात. गोल डाग कपिंगचे, म्हणजे कातडी ओढून धरणारे पेले लावल्याचे, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकल फेल्प्सच्या खांद्यावर जगाने पाहिले तेच. शाळेतून मारहाणीची तक्रार झाल्याचे प्रसंग घडले आहेत. शांतपणे विचारा, नीट लिहून ठेवा, आणि सांगणं आणि खुणा जुळत नसतील तर मात्र नेहमीची चौकशी कराच.

आता मान डोलावण्याबद्दल. 1900 च्या मार्चमध्ये इथल्या चायनाटाउनमध्ये प्लेग सापडला आणि शहराने ती वस्ती रातोरात बंद केली. गोऱ्यांना बाहेर जाऊ दिलं, चिनी आत अडकले. मग प्लेगवरची हाफकिनची लस टोचायचा आग्रह, तीच मुंबईत 1897 साली तयार झालेली. टोचल्याशिवाय शहराबाहेर जायचं नाही, आणि हा नियम फक्त आशियाई लोकांना! चिनी लोक कोर्टात गेले आणि जिंकले. पुण्यातला रँडचा प्लेग आठवणाऱ्याला आणखी काही सांगायला नको. शहरातली हॉस्पिटलं चिन्यांना दारात उभं करत नसत, म्हणून त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला आणि 1925 मध्ये चायनीज हॉस्पिटल उभं केलं, ते जॅक्सन स्ट्रीटवर अजून चालू आहे. तुमच्या आजींना हा इतिहास तारीखवार माहीत असेलच असं नाही, पण सरकारी माणसापुढे जपून बोलायची सवय अशाच वस्त्यांमध्ये मुरते.

गोळ्या अर्ध्या करण्यामागे ‘पाश्चात्त्य औषध जहाल, आपला देह लहान’ हा हिशोब असतो. ओरडू नका. ‘किती गोळ्या उरल्या?’ विचारा, खरं उत्तर मिळतं. रक्ताचं असं की गेलेलं रक्त भरून येत नाही, अंगातली शक्ती जाते, अशी भीती असते. नळी किती छोटी ते दाखवा, दोन तपासण्या एकाच वेळी उरका.

पण एका तपासणीत भिडस्तपणा नको: हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा संसर्ग. अमेरिकेतल्या दीर्घकालीन रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आशियाई वंशाचे आहेत, अनेकांना जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेली, आणि वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. घरात कळलं तर ताट-वाटी वेगळी होईल या धास्तीने लपवतात. एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही, हे रुग्णाला एकदा आणि घरच्यांना एकदा सांगा. अर्थात रुग्णाची परवानगी घेऊन.

आणि हे सगळं बोलताना दहा वर्षांच्या नातवाला दुभाषी करू नका. हॉस्पिटलचा दुभाषी रुग्णाला फुकट मिळतो. फोन लावताना कँटोनीज हवा, मँडरिन हवा की तोयशानीज, ते आधी विचारून घ्या.