कथा लिहायला शिकायचंय, तर कुठली पुस्तकं?

भावा, एकदम ढीगभर मार्गदर्शकं घेऊ नकोस. आधी स्टीफन किंगचं 'ऑन रायटिंग' वाच. निम्मं आत्मचरित्रच आहे, पण क्रियाविशेषणांवरचा त्याचा राग मराठीतही कामाला येतो. ई. एम. फॉर्स्टरचं 'ॲस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' १९२७चं, मूळची केंब्रिजमधली व्याख्यानं. त्यात तो म्हणतो, राजा मेला, मग राणी मेली, ही नुसती गोष्ट. राणी त्याच्या दुःखानं मेली, की झालं कथानक. एवढं पकड, बाकीचं जड वाटलं तर सोड.

संवाद मात्र इंग्रजी पुस्तक काय शिकवणार? कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात जा, पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचा एखादा कथासंग्रह मिळतो का बघ. एक कथा हातानं उतरवून काढ. कोण किती बोलतं, कुठं गप्प बसतं, ते आपोआप कळतंय. स्वतःचं लिहिलंस की मला पाठवण्याआधी मोठ्यानं वाच.