केमिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाचे जीवशास्त्रात काय काम?

केमिकल इंजिनिअरिंगचा प्राध्यापक सिंथेटिक बायोलॉजीत, म्हणजे सजीवांच्या जनुकांत बदल करून त्यांच्याकडून हवे ते काम करून घेण्याच्या शास्त्रात, संशोधन करतो म्हणजे नेमके काय करतो, असे आपण विचारले आहे. मी याच शाखेचा पदवीधर आहे आणि शिकत असताना हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक जे कीसलिंग यांच्या कामात सापडले.

हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध ज्या वनस्पतीपासून मिळते, ती आपल्या दवण्याच्याच कुळातली. पीक हाती येण्यास कित्येक महिने लागतात आणि भाव सतत वरखाली होतो. कीसलिंग यांच्या गटाने यीस्टची आणि या वनस्पतीची जनुके ई. कोलाय जिवाणूत घालून 2003 साली औषधाचा पूर्वपदार्थ तयार केला. 2006 साली यीस्टमध्ये आर्टेमिसिनिक आम्ल, म्हणजे ज्यापासून पुढे हे औषध बनवता येते तो पदार्थ, लिटरला सुमारे 100 मिलिग्रॅमपर्यंत मिळाले, तर अमायरिस कंपनीतील सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी 2013 साली हा आकडा 25 ग्रॅमवर गेला.

जनुक घालणे ही केवळ सुरुवात असते. खरे अभियांत्रिकीचे काम त्यानंतरचे. पेशी ही अणुभट्टी नव्हे, पण रासायनिक भट्टी नक्कीच आहे, आणि एका टप्प्यावर तयार होणारा पदार्थ पुढच्या टप्प्याने त्याच वेगाने उचलला नाही, तर तो आत साचत जातो. ई. कोलायमध्ये अशाच साचलेल्या मधल्या पदार्थामुळे जिवाणूंची वाढ खुंटली होती, आणि कमी पडणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) प्रमाण वाढवल्यावर ती पूर्ववत झाली. कारखान्यातील प्रवाहाचा तोल सांभाळण्याचाच हा विचार आहे, आणि मला तो या संशोधनाचा गाभा वाटतो.

पुढे सानोफी कंपनीने इटलीत उत्पादन सुरू केले. परंतु वनस्पतिजन्य आर्टेमिसिनिनचा भाव उतरल्याने ते परवडेनासे झाले. हे पद्धतीचे अपयश आहे, असे मी मानत नाही.

कीसलिंग यांचा सहभाग असलेल्या गटाने 2022 साली सदाफुलीतील दोन अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारी नायट्रोजनयुक्त संयुगे) यीस्टकडून करून घेतले आणि ते रासायनिक रीतीने जोडून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध बनवले. त्यासाठी यीस्टच्या जनुकसंचात 56 बदल करावे लागले. तरीही त्या प्रयोगातील उत्पादन लिटरला काहीशे मायक्रोग्रॅमच होते. म्हणजे आर्टेमिसिनिनच्या बाबतीत 2006 ते 2013 या काळात जे काम झाले, तेच तिथे नव्याने करणे भाग होते.