समुद्रासाठी 4000 चे रील: आकड्यांच्या आधी लाइन रोलर पाहा

गंगापूर धरणावर मासेमारीचे 2500 आकाराचे रील (दोरी गुंडाळणारे चक्र) वापरणाऱ्या आपल्या एका सदस्यांना आता डहाणूच्या किनाऱ्यासाठी शिमानो स्ट्रॅडिक 4000, डायवा बीजी 4000 आणि पेन स्पिनफिशर 6 (सहावी आवृत्ती) यांतून निवड करायची आहे. प्रश्नाच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिले आहे की, जुन्या रीलचा लाइन रोलर (दोरी रीलवर येताना जिच्यावरून जाते ती छोटी फिरकी) करकरतो आणि दुरुस्ती केंद्र नुसते ‘बिल आणा’ म्हणते. हा अनुभव माझ्या चांगलाच ओळखीचा आहे.

माझे रील वॉरंटीत असतानाच त्याच रोलरचे बेअरिंग जाम झाले होते. केंद्राने, ज्याचे नाव मी येथे लिहीत नाही, आधी मूळ बिल मागितले, मग कार्डावर दुकानाचा शिक्का हवा म्हणून परत पाठवले आणि अखेर मिठाचा गंज म्हणजे वापरणाऱ्याची हयगय असे सांगून समुद्रासाठी म्हणून विकलेले रील न उघडताच हाती ठेवले. निदान बेअरिंग तरी विकत द्या म्हटले, तर सुटे भाग ग्राहकाला देत नाही, असे उत्तर मिळाले. पावसाळ्यानंतरचा सगळा चांगला हंगाम या हेलपाट्यांत गेला.

रोलर अडकला की ब्रेड (विणलेली दोरी) त्याला फिरवण्याऐवजी त्यावर घासत राहते, दोरीला पीळ पडतो आणि नेमका चांगला मासा लागल्यावर ती तुटते. म्हणून माझ्या मते बेअरिंगची संख्या मोजण्यापेक्षा रोलरचा स्क्रू आपल्याला घरी उघडता येतो का आणि सुटे बेअरिंग मिळते का, हे दुकानातच विचारावे.

कमाल ड्रॅगच्या, म्हणजे मासा दोरी ओढताना रील जास्तीत जास्त किती अडवू शकते याच्या, आकड्याला भुलू नये. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या साधारण 25 ते 30 टक्के ठेवतात. म्हणजे 20 पौंडी दोरीवर 5 ते 6 पौंड, अर्थात तीन किलोच्याही आत. मग कमाल ड्रॅग आठ किलो की अकरा, याने किनाऱ्यावर काय फरक पडणार? वजनाने मात्र पडतो: स्ट्रॅडिक सुमारे 280 ग्रॅम, तर बीजी सुमारे 450, कारण दोन्हींवर 4000 लिहिले असले तरी बीजीची चण मोठी आहे. दिवसभर ल्यूर (कृत्रिम आमिष) फेकणार असाल तर स्ट्रॅडिक घ्यावे. आमिष लावून रॉड वाळूत रोवणार असाल तर बीजी पुरेसे आहे. स्पिनफिशरचे आयपीएक्स 5 हे मानांकन पाण्याच्या फवाऱ्यापुरते आहे, बुडण्यासाठी नाही, त्यामुळे लाटेत पडलेले सीलबंद रीलही उघडावेच लागते.

मी दुरुस्तीतज्ज्ञ नाही आणि बोटीवरून मोठ्या सुरमईसाठी जाणाऱ्यांना यातले बरेच लागू पडणार नाही. पण डहाणूहून जव्हार-त्र्यंबक मार्गे नाशिकला पोहोचेपर्यंत मीठ वाळून बसते, म्हणून रील किनाऱ्यावरच धुवावे. कुंड्यांचा छोटा हातफवारा गोड्या पाण्याने भरून न्यावा. द्राक्षबागेत औषध मारलेला पंप कृपया नको. धुताना ड्रॅग घट्ट करावा, म्हणजे पाणी ड्रॅगच्या आतल्या चकत्यांपर्यंत (वॉशर) जात नाही, आणि वाळल्यावर तो सैल करूनच रील ठेवावे. नव्या रीलसोबत रोलरची दोन बेअरिंग त्याच बिलात घ्यावीत. दुकानदार नाही म्हणाला, तर ते मॉडेल मी घेणार नाही.