‘वर्णद्वेषोत्तर अमेरिका’ : समास शुद्ध, विधान शंकास्पद

पृच्छा : बराक ओबामांवरील एका लेखात ‘कृष्णवर्णीय नेता राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला आणि अमेरिका वर्णद्वेषोत्तर झाली’ असे वाक्य वाचले. ‘वर्णद्वेषोत्तर’ हा समास बरोबर आहे का? त्याऐवजी ‘वर्णभेदोत्तर’ किंवा ‘वंशवादोत्तर’ म्हटल्यास अर्थ बदलतो का?

उत्तर : व्याकरणाच्या दृष्टीने समासात काहीही खोट नाही. अडचण आहे ती ‘उत्तर’ या पदाच्या स्वभावाची. युद्धोत्तर, विवाहोत्तर, मतदानोत्तर, स्वातंत्र्योत्तर हे आपले रुळलेले शब्द पाहिले, तर त्यांतील पूर्वपद बहुधा काळाच्या पट्टीवर बोट ठेवून दाखवता येईल अशी घटना असते. ती घडून गेल्यावर तिचा परिणाम संपतोच असेही नाही. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याची पदवी नाहीशी होत नाही आणि स्वातंत्र्योत्तर काळात स्वातंत्र्य संपलेले नसते. म्हणजे ‘उत्तर’ला अंत अभिप्रेत असेल किंवा नसेल, पण एक तारीख मात्र हवी असते. द्वेषाला अशी तारीख नसते. म्हणून त्या लेखकाने, बहुधा नकळत, ४ नोव्हेंबर २००८ ही निवडणुकीची तारीख द्वेषाला उसनी दिली आहे. वाक्यातला ‘आणि’ दिसायला निरुपद्रवी असला तरी ‘म्हणून’चे काम करतो आहे.

मूळ इंग्रजी शब्द ‘पोस्ट-रेशियल’ हा ओबामांच्या वेळी जन्मलेला नाही. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्समधील एका बातमीच्या मथळ्यात तो अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांसंदर्भात आला होता, आणि त्या वेळी त्याचा रोख भविष्याकडे होता : वंशसंबंधांच्या प्रश्नाची जागा आता लवकरच दुसरे प्रश्न घेतील, अशी ती अपेक्षा होती. २००८ नंतर तोच शब्द झालेल्या गोष्टीचे वर्णन म्हणून वापरला जाऊ लागला. ओबामांनी स्वतः ही भाषा स्वीकारली नव्हती. मार्च २००८ मधील फिलाडेल्फियाच्या भाषणात त्यांनी, एका निवडणुकीने किंवा एका उमेदवारीने वांशिक दुभंग मिटेल असे मानण्याइतके आपण भाबडे नाही, असे सांगितले होते. आणि जानेवारी २०१७ मध्ये शिकागो येथे निरोपाचे भाषण करताना, ‘पोस्ट-रेशियल’ अमेरिकेचे चित्र कितीही सद्हेतूने रंगवलेले असले तरी ते कधीच वास्तवाला धरून नव्हते, असा निर्वाळा दिला.

आता प्रश्नाचा दुसरा आणि अधिक मोलाचा भाग. मराठीत द्वेष, भेद आणि वाद ही तीन पदे एकाच अर्थाने फिरवली जातात, तशी ती वापरू नयेत असे माझे मत आहे. द्वेष मनात असतो. भेद कायद्यात, व्यवहारात आणि मालमत्तेत असतो. वाद म्हणजे त्या भेदाचे समर्थन करणारी विचारसरणी. निवडणुकीचा निकाल या तिघांपैकी फार तर पहिल्याविषयी काही सांगू शकतो, आणि तेही अर्धेमुर्धे. ओबामांना २००८ मध्ये ३६५ निर्वाचक मते मिळाली, परंतु मतदानोत्तर चाचणीनुसार श्वेतवर्णीय मतदारांपैकी सुमारे ४३ टक्केच त्यांच्या बाजूने होते आणि अलाबामा राज्यात हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. अर्थात विरोधात गेलेले प्रत्येक मत द्वेषाचे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण १९६४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या कोणत्याच उमेदवाराला श्वेतवर्णीयांची बहुसंख्य मते मिळालेली नाहीत. पण मग त्याच न्यायाने मिळालेले प्रत्येक मतही द्वेषमुक्तीचे प्रमाणपत्र ठरत नाही. बँका बुडत असताना सत्ताधारी पक्षावर रुष्ट होऊन दिलेली मतेही त्यात होतीच.

भेदाविषयी तर निकाल जवळजवळ मौनच पाळतो. ओबामांच्या आठ वर्षांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, २०१६ साली, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने केलेल्या पाहणीत श्वेतवर्णीय कुटुंबाची मध्यक संपत्ती सुमारे १,७१,००० डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे १७,६०० डॉलर आढळली. शब्दाच्या ढिलाईचा परिणाम कायद्यावर कसा होतो, हे २०१३ च्या ‘शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर’ या खटल्यात दिसले. ज्या राज्यांचा इतिहास मतदानात भेदभाव करण्याचा होता, त्यांना निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यावी लागे. १९६५ च्या मताधिकार कायद्यातील ही राज्ये ठरवणारे कलम सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केले, आणि त्यासाठी दक्षिणेतील परिस्थिती नाट्यमयरीत्या पालटली आहे हे कारण दिले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमतात लिहिले की, आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखे हे आहे. नॉर्थ कॅरोलायनाने त्यानंतर केलेला मतदानविषयक कायदा २०१६ मध्ये अपील न्यायालयाने रद्द ठरवला, कारण त्याचा रोख कृष्णवर्णीय मतदारांवर होता.

‘वर्णभेदोत्तर’ हा शब्द मात्र मी टाकाऊ मानत नाही. तो दक्षिण आफ्रिकेसाठी चपखल आहे. तेथे वर्णभेद ही कायद्याने उभी केलेली राजवट होती, तिचे पायाभूत कायदे १९९१ मध्ये रद्द झाले आणि एप्रिल १९९४ मध्ये सर्ववर्णीय निवडणूक झाली. तारीख सापडते, म्हणून समास बसतो. (जाता जाता : नेल्सन मंडेला यांना ‘अल्पसंख्याक समाजाचा नेता’ म्हणणारेही भेटतात. ते बहुसंख्याक समाजाचे होते, अल्पसंख्य होते ते राज्यकर्ते.) अमेरिकेसंबंधी हा शब्द वापरायचाच असेल तर कायदेशीर विलगीकरण मोडणारी १९६४ आणि १९६५ ही वर्षे धरावीत, २००८ नव्हे.

‘वंशवाद’ या शब्दाला एक वेगळीच अडचण आहे. हिंदीच्या प्रभावाने तो हल्ली घराणेशाहीच्या अर्थाने कानावर पडतो, त्यामुळे ‘वंशवादोत्तर राजकारण’ असे वाचणाऱ्या मराठी वाचकाला कुणाचा तरी मुलगा पराभूत झाला असावा असे वाटेल. शिवाय मराठीत ‘वंश’ म्हणजे प्रथमतः कूळ, मूळ. मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते असलेले आयर्लंडचे लिओ वराडकर किंवा गोव्याशी नाते सांगणारे पोर्तुगालचे अंतोनियो कोश्ता यांना ते पदावर असताना आपण कौतुकाने ‘भारतीय वंशाचे पंतप्रधान’ म्हणत असू, तेव्हा त्यात वंशवादाचा वासही नसे.

मूळ वाक्याला मी असे रूप देईन : ‘कृष्णवर्णीय नेता राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला आणि अमेरिका वर्णद्वेषातून बाहेर पडली, असा दावा काहींनी केला.’ असाच लेख ऋषी सुनक यांच्यावर लिहिला तर ‘निवडून आले’ हे क्रियापदही बदलावे लागेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांची पंतप्रधानपदासाठी ‘निवड झाली’, तीही पक्षाच्या खासदारांकडून. काही आठवड्यांपूर्वी पक्षाच्या सामान्य सदस्यांनी मतदान केले होते तेव्हा ते लिझ ट्रस यांच्याकडून हरले होते.