जुन्या व्हिडिओ गेमची पिवळी पडलेली बॉडी परत पांढरी होते का?

प्रश्न: माळा साफ करताना लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. वरचं झाकण पार पिवळं पडलंय, खालची बाजू मात्र अजून चांगली आहे. हायड्रोजन पेरॉक्साईडने पांढरं होतं असं ऐकलंय. खरंच होतं का, टिकतं का, आणि कोल्हापुरात सामान कुठं मिळेल?

उत्तर: होतं, अगदी व्यवस्थित होतं. मी इथं कोल्हापुरातच राहतो आणि जुन्या मशीनच्या बॉड्या घरच्या गच्चीवर अशाच साफ करतो, माझ्याही आणि मित्रमंडळींच्याही. टिकतं का, तर काही वर्षं टिकतं, कायमचं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बरेच जण एकदा उजळलं की विषय संपला असं धरून चालतात, मग परत पिवळट छटा दिसली की वैतागून आधीपेक्षा कडक पेरॉक्साईड मारतात आणि तिथंच प्लास्टिकची वाट लागते. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पांढरंशुभ्र करायच्या मागं लागू नका, हलकं औषध घ्या, दमानं करा आणि मूळ रंगाला पोचलं की थांबा.

आता मूळ रंग कळणार कसा? झाकण उघडा आणि उलटं करून आतून बघा, स्क्रू ज्या नळीत बसतो तिच्या बुडाशी, जिथं कधी उजेड गेलाच नाही तिथं. तिथला रंग म्हणजे जवळपास फॅक्टरीतून निघाला तेव्हाचा रंग, आणि तो बहुतेक वेळा पांढरा नसतोच, करडा किंवा दुधी असतो. निन्तेंडोचा सुपर फॅमिकॉम, जो जपानात 1990 ला आला, तो मुळात फिकट करडाच आहे, पण नेटवर लोक त्याला घासून घासून पांढरा करून फोटो टाकतात आणि बघणाऱ्याला वाटतं असाच होता. मला ते बघवत नाही खरं सांगायचं तर. आपल्याकडं नव्वदीत घरोघरी जे होते, समुराई, मीडिया, लिटल मास्टर वगैरे, त्यातले बरेचसे 1983 च्या जपानी फॅमिकॉमच्या लाल-पांढऱ्या रूपड्याची नक्कल होते, त्यातला पांढरा भागसुद्धा किंचित मळकट दुधीच असायचा.

पिवळं का पडतं ते थोडं समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. या बॉड्या एबीएस प्लास्टिकच्या असतात, त्यात ब्युटाडाईन नावाचा रबरासारखा भाग असतो, त्याच्यामुळंच प्लास्टिक पडलं तरी पटकन फुटत नाही. पण हाच भाग ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापुढं सगळ्यात कच्चा. तो हळूहळू ऑक्सिडाईज होतो, त्यातून तयार होणारे घटक निळा प्रकाश शोषून घेतात आणि आपल्याला पिवळं दिसतं. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमीनवाली रसायनं घालायचे, नेटवर सगळा दोष त्यांनाच देतात, पण एबीएस स्वतःच्या स्वभावानंसुद्धा पिवळं पडतं. वरचं आणि खालचं झाकण वेगवेगळ्या घाण्यातलं असलं की त्यात मिसळलेला माल थोडा वेगळा असतो, म्हणून एकाच मशीनचं वरचं पिवळं आणि खालचं चांगलं असं होतं, एकाच माळ्यावर एकाच पिशवीत राहूनसुद्धा. सुपर निन्तेंडोमध्ये, म्हणजे सुपर फॅमिकॉमच्याच जपानबाहेरच्या रूपात, तर हे जगभर दिसतं. तेव्हा घरात कुणी उन्हात ठेवलं म्हणून झालं असं समजून कुणावर चिडू नका, अंधारात ठेवलेली मशीनपण पिवळी पडतात.

पेरॉक्साईड त्या पिवळ्या दिसणाऱ्या घटकांची जोडणी तोडतं, त्यामुळं रंग जातो. पण प्लास्टिकचं वय मागं जात नाही, आतली प्रक्रिया चालूच राहते. आपल्याकडं गुऱ्हाळावर गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस नावाची रंग उजळवणारी पावडर टाकतात, सौद्याला गूळ नजरेत भरतो आणि साठवणुकीत परत काळवंडतो, तसाच प्रकार आहे हा. आणि पिवळं पडलेलं प्लास्टिक वरच्या थरात ठिसूळ झालेलं असतं, ते पांढरं दिसलं तरी ठिसूळच राहतं, म्हणून खटके आणि खाचा हाताळताना जपून.

पेरॉक्साईड आणायच्या आधी नुसतं धुऊन बघा. मनापासून सांगतो, निम्मा पिवळेपणा बऱ्याचदा धूळ, उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातला तेलकट थर असतो. सगळं सुटं करा, कॅसेट काढा, सर्किट बोर्ड, रबरी पॅड, स्प्रिंगा, पत्रा, वायर सगळं बाहेर. प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढत जा आणि कुठला स्क्रू कुठला ते कागदावर चिकटवून ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला की वरून प्लास्टिक फोडतो. भारतात मिळालेल्या मशीनला बहुतेक साधे फुलीचे स्क्रू असतात, ओरिजनल सुपर निन्तेंडो असेल तर त्याच्या वेगळ्या स्क्रूसाठी 4.5 मिमीचा गेमबिट नावाचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो आणि त्याच्या कॅसेटला 3.8 मिमीचा, तो ऑनलाईन मागवा, पक्कड लावू नका. मग भांड्याचा लिक्विड साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. तो मेलामाईनचा पांढरा स्पंज वापरू नका, तो बारीक सँडपेपरच आहे, बॉडीवरचा दाणेदार पोत घासून गुळगुळीत करतो आणि तो पोत परत आणता येत नाही.

धुऊन वाळवल्यावरही पिवळं असेल तर मग पेरॉक्साईड. ही पद्धत 2008 मध्ये जुन्या कॉम्प्युटरच्या हौशी लोकांनी जुळवली, रेट्रोब्राईट म्हणून शोधलंत तर ढीगभर व्हिडिओ मिळतील. दोन मार्ग आहेत. एक, पार्लरमध्ये केस रंगवायला वापरतात ती डेव्हलपर क्रीम, ज्यावर 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के, 30 म्हणजे 9 टक्के, 40 म्हणजे 12 टक्के पेरॉक्साईड असं असतं. दुसरा, पातळ पेरॉक्साईडमध्ये अख्खा भाग बुडवायचा. क्रीम स्वस्त पडते आणि कमी लागते, पण ती जिथं वाळते तिथं पांढरे ढग उठतात, वरून गुंडाळलेल्या पातळ प्लास्टिकच्या सुरकुत्यांच्यासुद्धा रेघा उमटतात, आणि असे डाग एकदा पडले की जात नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, मोठ्या सपाट झाकणाला क्रीम लावूच नका, बुडवा. क्रीम फार तर एखाद्या बटणाला.

सामान म्हणाल तर 6 टक्क्याचं पेरॉक्साईड कुठल्याही मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं, बाटलीवर टक्के किंवा व्हॉल्यूम वाचून घ्या, एका झाकणाला चार-सहा बाटल्या लागतील म्हणून आधी सांगून ठेवा. क्रीम महाद्वार रोड किंवा राजारामपुरीत पार्लरचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा. कुणीतरी नक्की सांगेल की इचलकरंजीत कापड ब्लीच करायला 50 टक्क्याचं कॅनमध्ये मिळतं, तिथून आण, स्वस्तात काम होईल. आणू नका. ते कातडीला लागलं की जागेवर पांढरं पडून भाजतं, डोळ्यात उडालं तर डोळा जाऊ शकतो, आणि कापड किंवा भुश्श्यावर सांडलं तर आगही लागू शकते. कारखान्यात त्याची सोय असते, आपल्या गच्चीवर नाही. 6 टक्क्यालासुद्धा हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, लहान मुलं आणि मांजर लांब. आणि त्यात व्हिनेगर, ॲसिटोन, ब्लीच असलं काही मिसळायचं नाही, ॲसिटोनबरोबर तर स्फोटक पदार्थ तयार होतो.

आता प्रत्यक्ष काम. झाकण पूर्ण बुडेल असा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, धातूचं भांडं नको. त्यात झाकण ठेवा, पेरॉक्साईड ओता, वर काच किंवा पारदर्शक प्लास्टिक सैल ठेवा. घट्ट बंद करायचं नाही, कारण पेरॉक्साईडमधून ऑक्सिजन सुटत असतो आणि डबा फुगतो. मग उन्हात. थोड्या वेळानं जवळ जाऊन बघा, प्लास्टिकवर मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतील, दाणेदार पोतावर जास्त, आणि झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात हवेचा एखादा मोठा फुगा अडकलेला असेल ज्यामुळं एक कड पाण्यावर आलेली असते. हे दोन्ही लगेच मोडायचे. बुडबुडा जिथं बसतो तिथं औषध लागत नाही, तिथं पिवळा गोल ठिपका राहतो, आणि जी कड वर आली तिथं अगदी पट्टीनं आखल्यासारखी रेघ उमटते. मऊ ब्रशनं अलगद झटका, झाकण तिरकं करून हवा बाहेर काढा, आणि तासातासानं बाजू पालटत राहा. हे न कंटाळता केलं तर काम एकसारखं होतं, याला दुसरा शॉर्टकट नाही.

किती वेळ लागेल ते पिवळेपणावर आणि उन्हावर आहे, कधी दुपार पुरते, कधी दोन-तीन दिवस लागतात. मधे बाहेर काढून, पाण्यानं धुऊन, सावलीत नेऊन आतल्या रंगाशी ताडून बघा, ओलं प्लास्टिक उन्हात बघितलं की डोळा फसतो. थोडं पिवळं राहिलं असतानाच थांबलात तरी चालेल, जास्त झालं की पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो आणि त्याला इलाज नाही.

आपल्याकडं फेब्रुवारी ते मे हा सीझन उत्तम. जून लागला की कोल्हापूरच्या पावसात ऊन विसरा, तेव्हा उष्णतेवर करता येतं, उजेडाशिवायसुद्धा पेरॉक्साईड काम करतं. मोठ्या टबात गरम पाणी, त्यात पेरॉक्साईडचा डबा, थर्मामीटर लावून 60 अंशाच्या आत ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. एबीएस साधारण 100 अंशाच्या आसपास मऊ पडतं, पण लांब पातळ झाकण त्याच्या बऱ्याच आधी वाकडं होऊ शकतं, त्यामुळं थेट गॅसवर काही ठेवायचं नाही.

काय बुडवायचं नाही: लाल किंवा मरून भाग (रंग फिका पडतो), स्टिकर, रिमोटवरची सोनेरी पट्टी, रबर, धातू. छापील नाव असेल तर मागच्या एखाद्या अक्षरावर आधी करून बघा. आणि काही जणांनी नुसत्या उन्हात, काहीही न लावता ठेवून पिवळेपणा उतरलेला दाखवलाय. तुमचं मशीन आठवणीतलं आहे, औषधाची भीती वाटत असेल तर आधी काही दिवस ते करून बघायला हरकत नाही, फक्त काळ्या पत्र्यावर ठेवू नका, तापून वाकेल.

काम झालं की भरपूर पाण्यानं धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच बोर्ड बसवा. उरलेलं पेरॉक्साईड भरपूर पाणी घालून मोरीत सोडलं तरी चालतं, त्याचं पाणी आणि ऑक्सिजनच होतो. परत माळ्यावर टाकू नका, पत्र्याखाली उन्हाळ्यात जी भट्टी होते तीच पिवळेपणा लवकर आणते, त्यापेक्षा खोलीतल्या कपाटात, कापडात गुंडाळून ठेवा.

तुमच्या बाबतीत फक्त वरचंच झाकण बुडवा, खालच्याला हात लावू नका. खालचं झाकण शेजारी ठेवून रंग जुळवत जा, त्याच्यावरही इतक्या वर्षांची थोडी झाक आलेली असणारच, वरचं तिथवर आलं की बास.