कार्टूनमधल्या वात्रट गाण्यांना एवढा मोठा ऑर्केस्ट्रा कशाला?

प्रश्न (सातारा): ताई, मी सिम्पसन्सचे जुने भाग बघतोय. मधेच गाणं येतं, शब्द एकदम वात्रट, पण मागे वाजतं असं की न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मोठं संगीत नाटकच चाललंय. एवढा खर्च कशाला, की-बोर्डवर भागलं नसतं का?

उत्तर: नसतं भागलं, कारण सगळी गंमत तिथेच आहे! टायटलची धून डॅनी एल्फमनची, पण १९९० ते २०१७ भागांच्या आतलं संगीत बघायचे ते आल्फ क्लॉसन, आणि त्यांच्याकडे साधारण ३५ वादकांचा ऑर्केस्ट्रा असायचा, तोही जवळजवळ दर भागाला. त्यांना सुरुवातीलाच सांगितलेलं की हे कार्टून समजू नका, नाटक समजा, पात्रं फक्त चित्रातली आहेत. म्हणून कोणी धपकन पडलं की लगेच भोंगा वाजवायचा वगैरे प्रकार नाही, त्या माणसाला आत काय वाटतंय ते वाजवायचं.

त्यांना १९९७ ला एमी (अमेरिकन टीव्हीचं मोठं बक्षीस) मिळालं ते गाणं जरूर ऐका. अख्खं गाव एक बदनाम नाचघर पाडायला येतं आणि तिथली मंडळी असं काही गातात की गाव विरघळून जातं. बिचारी मार्ज, म्हणजे सिम्पसनांच्या घरातली आई, बुलडोझर भाड्याने आणायला गेलेली असते त्यामुळे तिला ते गाणं ऐकायलाच मिळत नाही, मग ती स्वतःचं गाणं सुरू करायला जाते आणि बुलडोझर नाचघरात घुसतो. शब्द केन कीलर यांचे, खट्याळ आहेत, पण चाल मात्र शंभर टक्के प्रामाणिक, कुठेही डोळा मारत नाही. संगीतच आधी हसायला लागलं तर शब्दांना करायला काय उरतं, सांगा!

प्रश्न (डोंबिवली): असल्या गाण्याला ऑस्कर मिळालंय का कधी?

उत्तर: साउथ पार्क या कार्टूनचा १९९९ चा सिनेमा अगदी दारापर्यंत गेला होता. पोरं शिव्या शिकली म्हणून आईबाप स्वतःकडे न बघता सगळा दोष कॅनडावर ढकलतात, असं गाणं, ट्रे पार्कर आणि मार्क शेमन यांचं. मार्च २००० च्या सोहळ्यात ते रॉबिन विल्यम्सने गायलं आणि नको तो शब्द आला तिथे कोरसने फक्त दचकून श्वास घेतला. बाहुली नेली टारझनच्या गाण्यासाठी फिल कॉलिन्सने. मला विचाराल तर साउथ पार्कची गाणी पुन्हा ऐकावीशी वाटतात कारण शेमनला खरंखुरं म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक, लिहिता येतं. नुसत्या शिव्यांवर सिनेमाभर गाणी तगत नाहीत.

प्रश्न (नाशिक): मित्र अ‍ॅनिमेशन करतो. जुन्या मराठी सिनेगीतावर नवे शब्द बसवून यूट्यूबवर टाकलं तर चालेल का?

उत्तर: जपून. अमेरिकेत ‘फॅमिली गाय’ या कार्टून मालिकेवर अशीच केस झाली होती, डिस्नेच्या पिनोकिओ सिनेमातल्या प्रसिद्ध गाण्याचं विडंबन केलं म्हणून, आणि २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने कार्टूनवाल्यांच्या बाजूने निकाल दिला, कारण टर मूळ गाण्याच्या भाबडेपणाचीच उडवली होती. आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात टीका-समीक्षेला सूट आहे, पण विडंबनाचं नाव घेऊन काही लिहिलेलं नाही. त्यामुळे मूळ गाण्याशी काही देणंघेणं नसताना नुसती आयती चाल उचलली तर तुमची बाजू लंगडी पडणार. शिवाय मूळ कराओके ट्रॅक वापरलात तर यूट्यूबची यंत्रणा तो ओळखून मूळ मालकाच्या नावाने क्लेम (हक्काचा दावा) टाकू शकते, तिथे कोर्टबिर्ट लांबच राहिलं.

त्यापेक्षा त्या काळाच्या थाटाची स्वतःची चाल बांधा, तसाच ठेका, तसेच व्हायोलिनचे तुकडे, पण सूर तुमचे. ऐकणाऱ्याला बरोबर कळतं कोणाची फिरकी चाललीय ते. आणि मित्राला सांगा की गाणं रेकॉर्ड झाल्याशिवाय तोंडाच्या हालचाली काढू नकोस, आधी पेटीवर कच्चं गाऊन घ्या, मात्रा नीट बसतात का बघा, मग फायनल आवाज आणि त्यावर चित्रं. उलटं केलंत तर एक शब्द बदलला तरी त्याला सगळे ओठ परत काढावे लागतील आणि मग तो तुमचा फोन उचलणार नाही.