डीपीएफ काढून पैसे वाचतात का?

प्रश्न: मी सांगलीत विश्रामबागला राहतो, हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सेकंड हँड घेतलेली बीएस-६ डिझेल गाडी आहे. घर, मार्केट यार्ड, मुलांची शाळा मिळून महिन्याला ४०० किमी फिरते, अ‍ॅव्हरेज १५. डीपीएफचा, म्हणजे धुराच्या गाळणीचा, दिवा सारखा लागतो. शोरूमने नव्या डीपीएफचे १ लाख १० हजार सांगितले. एक गॅरेजवाला ३५ हजारांत डीपीएफ काढून, ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रिमॅप करून देतो म्हणतो. अ‍ॅव्हरेजही दोनने वाढेल म्हणे. दीड लाखाची एफडी आहे, पण मोडवत नाही. काय करू?

उत्तर: आधी अ‍ॅव्हरेजचं बघू. गाडी खरंच १७ देऊ लागली असं धरलं, तरी ४०० किमीला जेमतेम ३ लिटर डिझेल वाचतं. लिटरला ९० रुपये धरा, महिन्याला २८० रुपये झाले. या दराने ३५ हजार वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. तुम्ही स्वतः हिशेबाचं काम करता, जास्त सांगायला नको.

आता गॅरेजवाला नेमकं काय करणार ते समजून घ्या. डीपीएफ ही काजळी अडवणारी गाळणी. तिच्या अलीकडे-पलीकडे धुराचा दाब किती, हे सेन्सर ईसीयूला कळवतो. फरक वाढला की गाळणी भरली असं धरून ईसीयू जादा डिझेल फवारतो आणि साधारण ६०० अंशांच्या उष्णतेत काजळी जाळून टाकतो. गाळणीच काढली तर दाबात फरक राहत नाही. मग ईसीयू एरर देतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी लिम्प मोडमध्ये जाऊन ओढायची बंद होते. हे होऊ नये म्हणून रिमॅप, म्हणजे ईसीयूला ती तपासणीच करायला लावायची नाही. पुढे कधी शोरूममध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं की मूळ मॅप परत बसू शकतो आणि दिवे पुन्हा सुरू. रिमॅप अर्धवट झाला तर आणखी वाईट. नसलेली काजळी जाळायला ईसीयू डिझेल सोडत राहतो आणि त्यातलं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसायला लागलं की इंजिनच्या खर्चाची तयारी ठेवायची.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल करू देत नाही. कलम १८२-अ मध्ये दर बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. इथे बदल दोन, डीपीएफ आणि ईजीआर.

गॅरेजवाल्याला एक प्रश्न जरूर विचारा: काढलेला डीपीएफ मला परत देणार ना? त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियमचा लेप असतो, भंगारातही त्याला भाव आहे. ३५ हजारांच्या वर तो तुम्ही फुकट देऊन येणार, आणि उद्या जाणकार गिऱ्हाईक गाडी स्कॅन करून बघेल तेव्हा परत बसवायला तुमच्याकडे काही नसेल.

पण १ लाख १० हजारही लगेच देऊ नका. दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला स्कॅन करून घ्या आणि आत काजळी आहे की राख, हे विचारा. काजळी असेल तर स्कॅनर लावून ती मुद्दाम जाळता येते, त्याला फोर्स रिजनरेशन म्हणतात. राख जळत नाही, त्यासाठी डीपीएफ उतरवून साफ करावा लागतो. दोन्ही नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेलं लो-अ‍ॅश, म्हणजे कमी राख करणारंच घाला, साध्या ऑइलने राख वाढते. दर आठवड्या-दहा दिवसांनी पेठ नाक्यावरून कराडच्या बाजूला हायवेवर वीसेक मिनिटं एका वेगात गाडी चालवा. यार्डाच्या फेऱ्यांत इंजिन तापतच नाही, म्हणून तर दिवा लागतो.

एफडीचं म्हणाल तर ती असल्याच वेळेसाठी असते. मुदतीआधी मोडली तर व्याज अर्धा-एक टक्का कमी मिळेल, एवढंच. मोडायची नसेल तर तिच्यावर बँक ओव्हरड्राफ्ट देते.

आणि खरं सांगायचं तर महिन्याला ४०० किमीसाठी डिझेल गाडी ठेवणं हाच तोट्याचा व्यवहार आहे. साफसफाई करून गाडी नीट चालायला लागली की वर्षभरात विका आणि पेट्रोल घ्या. स्कॅन रिपोर्ट आणि साफसफाईचं बिल मात्र आरसी बुकाबरोबर जपून ठेवा, भाव ठरवताना घेणाऱ्यापुढे ठेवता येईल.